पेढीचा दूरध्वनी

एखाद्या लहान पेढीच्या मालमत्तेची यादी करावयास बसले, तर तीत कपाटे येतात, टेबले येतात, वजनकाटा येतो, संगणक येतो; दूरध्वनीचा क्रमांक मात्र तीत कोणी लिहीत नाही. वास्तविक तो क्रमांक पेढीच्या लौकिकाचाच एक भाग असतो. तो दुकानाच्या पाटीवर रंगविलेला असतो, पावतीपुस्तकावर छापलेला असतो, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या तर तो तोंडी बसलेला असतो. वडिलांच्या हयातीत ज्या क्रमांकावर मागणी नोंदविली जाई, त्याच क्रमांकावर मुलाच्या कारकिर्दीतही ती नोंदविली जाते. अशा या दूरध्वनीचे तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर स्थलांतर करण्याचा प्रश्न अलीकडे पुष्कळ लहान व्यावसायिकांपुढे उभा राहिला आहे. कोठे जुनी तार वारंवार तुटते आणि दुरुस्तीला दिवस लागतात. कोठे दूरध्वनी कंपनीच तांब्याच्या जागी काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार घालून देते. कोठे दुसऱ्या गावच्या शाखेशी बोलणे सोपे व्हावे अशी इच्छा असते. कारण कोणतेही असो, बदल करणारा मनुष्य बहुधा असे समजतो की, एक यंत्र काढून दुसरे बसवावयाचे आहे. परंतु या बदलात यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट आपली जागा सोडते. ती कोणती हे ध्यानात येण्यासाठी जुनी तार काय काय करीत होती, ते प्रथम पाहिले पाहिजे.

भारतात दूरध्वनीकेंद्रे सुरू झाली ती २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांत. त्या काळी दोन ग्राहकांची जोडणी केंद्रात बसलेला मनुष्य हाताने करून देई. हे काम यंत्राने करणारे देशातील पहिले केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यास आले, आणि १९६० मध्ये लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली. पुढे एक गोष्ट मात्र सर्वत्र रूढ झाली. ग्राहकाच्या टेबलापासून केंद्रापर्यंत तांब्याच्या दोन तारा जात, आणि त्या तारांतून आवाजाबरोबर वीजही येत असे. केंद्रात ४८ व्होल्ट दाबाच्या बॅटऱ्यांची रांग मांडलेली असे आणि त्यांच्या पाठीशी डिझेलवर चालणारे जनित्र असे. म्हणून गावातील वीज गेली, दुकानात मेणबत्ती लावावी लागली, तरी टेबलावरचा दूरध्वनी वाजे. ती तार कोणत्या घरी गेली आहे हे केंद्राच्या दप्तरात नोंदलेले असे. आवाज स्वच्छ राखणे, बिघाड शोधणे, बाहेरच्या माणसाला तारेत शिरू न देणे, हा सारा भार केंद्र वाही. जोडणी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवून बसावे लागे आणि पावसाळ्यात यंत्र मुके होई, हे खरेच. तथापि जोडणी एकदा मिळाली की, ग्राहकाने बिल भरावे आणि बोलावे, यापलीकडे त्याच्याकडे काही उरत नसे.

दूरध्वनीचे केंद्र यंत्रावर चालावे, ही कल्पना एका लहान व्यावसायिकाच्याच गरजेतून निघाली, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात अ‍ॅल्मन स्ट्रॉजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करीत असे. त्याच गावातील प्रतिस्पर्ध्याच्या घरची बाई दूरध्वनीकेंद्रात ऑपरेटर होती आणि स्ट्रॉजरकडे येणारी बोलावणी ती परस्पर आपल्या घरच्या दुकानाकडे वळवी, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्त या गावी तशा यंत्राचे केंद्र सुरू झाले. आपल्या गिऱ्हाइकाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच हरवतो, ही लहान दुकानदाराची चिंता त्या शोधाच्या मुळाशी होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर दूरध्वनी इंटरनेटवर नेणाऱ्या दुकानदारालाही नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

आता इंटरनेटवरून बोलणे होते तरी कसे, हे थोडक्यात पाहू जाता दोन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची. ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने पॅरिस येथे काम करीत असता १९३७ च्या सुमारास ही रीत सुचविली. तिचा पुढे जगभर जो प्रघात पडला, त्यात दर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना आठ बिटांच्या आकड्यात लिहिला जातो. म्हणजे एका आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दुसरी पायरी हे आकडे पाठविण्याची. जुन्या पद्धतीत दोन माणसांचे बोलणे चालू असेतोवर त्यांच्यासाठी एक संपूर्ण मार्ग राखून ठेवला जाई. ते गप्प राहिले तरी तो मार्ग दुसऱ्या कोणाला मिळत नसे. इंटरनेटवर असा राखीव मार्ग नाही. तेथे आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते पाकिटांत घालतात, प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहितात आणि सर्वांच्या रहदारीतून ती पाकिटे रवाना करतात. साधारणपणे एका पाकिटात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका आवाज मावतो. त्यात आवाजाचे १६० बाइट असतात आणि पत्ता व क्रम यांच्या नोंदीचे ४० बाइट. दोनशेपैकी चाळीस, म्हणजे पाकिटाचा पाचवा हिस्सा पत्त्यातच जातो. सेकंदाला पन्नास पाकिटे एका दिशेने जातात, पन्नास दुसऱ्या दिशेने येतात; आणि ती ओळीने उघडून पलीकडचे यंत्र पुन्हा आवाज घडविते.

पाकिटांतून मनुष्याचा आवाज पाठविण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेतील संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या अर्पानेट या जाळ्यावर झाले आणि १९७४ मध्ये दोन प्रयोगशाळांतील माणसे त्यावरून परस्परांशी बोलली. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावर चालणारा इंटरनेट दूरध्वनी बाजारात आणला. परंतु लहान पेढ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९९ हे होय. त्या वर्षी अलाबामा राज्यातील मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने संगणकविषयक साहाय्य देणारा लहानसा व्यवसाय काढला. त्याला कचेरीत दूरध्वनीची अंतर्गत व्यवस्था हवी होती, परंतु बाजारात मिळणाऱ्या यंत्राची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा साध्या संगणकावर चालणारे दूरध्वनीकेंद्र त्याने स्वतःच लिहून काढले, त्याला अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे तारकाचिन्ह, हे नाव दिले आणि ते सर्वांना वापरण्यास खुले केले. स्ट्रॉजरनंतर पुन्हा एकदा एका लहान व्यावसायिकाच्या अडचणीने दूरध्वनीची घडी बदलली. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली होती. मात्र देशातील साध्या दूरध्वनींशी ते बोलणे जोडण्याची मोकळीक २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यानंतर आली. ही सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते. परदेशी बोलणी आडमार्गाने आणून स्थानिक क्रमांकांवर सोडणारी यंत्रे बसविणे हा गुन्हा आहे, आणि स्वस्त सेवेच्या मोहाने अशा व्यवहारात सापडणे लहान पेढीला परवडणारे नसते.

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी औषधांचा घाऊक व्यापार करणारी दहा-बारा माणसांची एक पेढी कल्पावी. ती नागपुरात असेल, इंदुरात असेल, हुबळीत असेल. सकाळी दहा ते अकरा या वेळात गावोगावचे किरकोळ औषधविक्रेते मागणी नोंदवितात. दुपारी वसुलीची बोलणी होतात. रात्री एखाद्या रुग्णालयातून तातडीचे औषध मागविले जाते. अशा पेढीला नव्या व्यवस्थेपासून होणारा लाभ उघड आहे. गुदामातील माणूस, हिशेबनीस आणि दुसऱ्या गावच्या शाखेतील व्यवस्थापक हे सारे एकाच केंद्राखाली येतात. शाखेशी बोलण्यास तीन आकडे पुरतात. वसुलीसाठी बाहेर पडलेला माणूस आपल्या मोबाइलवरून पेढीच्याच क्रमांकाने बोलू शकतो. कोणाचा दूरध्वनी आला, कोणी उचलला, कोणाचा वाजून वाजून बंद झाला, याची नोंद दिवसअखेर मालकासमोर येते. ही शेवटची सोय सर्वांत मोलाची मानावी; कारण न उचललेला दूरध्वनी म्हणजे शेजारच्या दुकानी गेलेले गिऱ्हाईक, हे व्यापारी जाणतो, पण असे किती गेले याचा हिशेब त्याला जुन्या यंत्रावर कधीच मिळत नव्हता.

लाभ पाहिल्यावर हिशेबाकडे वळावे. पहिला प्रश्न असा की, एकाच वेळी किती जणांना बोलता आले पाहिजे? हा प्रश्न कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने सोडविला. १९०९ मध्ये त्याने या विषयावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये त्याचे प्रसिद्ध सूत्र आले. कल्पिलेल्या पेढीत सकाळच्या गर्दीच्या तासात तीस दूरध्वनी येतात आणि प्रत्येक बोलणे सरासरी चार मिनिटे चालते, असे धरावे. एकूण बोलणे १२० मिनिटांचे झाले, म्हणजे त्या तासाला दोन मार्ग पुरावेत असे वरवर पाहता वाटते. परंतु गिऱ्हाइके ओळीने एकामागून एक येत नाहीत. ती अवचित येतात. एर्लांगच्या सूत्राने पाहिले तर दोनच मार्ग ठेवल्यास शंभरांपैकी चाळीस जणांना मार्ग व्यस्त सापडेल. चार मार्ग ठेवल्यास सुमारे नऊ किंवा दहा जणांना, पाच ठेवल्यास सुमारे चौघांना, आणि सहा ठेवल्यास अवघ्या एकाला परत जावे लागेल. तांब्याच्या काळी सहा मार्ग म्हणजे सहा स्वतंत्र जोडण्या आणि त्यांची सहा भाडी. इंटरनेटवर एकाच तारेतून सहा बोलणी जातात. त्यामुळे चार मार्ग घ्यावेत की सहा, हा निर्णय खर्चाच्या धाकाने न घेता हिशेबाने घेता येतो. मात्र मार्ग सहा आणि उत्तर देणारी माणसे दोन अशी स्थिती असेल, तर सूत्र काही करू शकत नाही.

दुसरा प्रश्न तारेच्या रुंदीचा. एका बोलण्याला पत्त्याच्या भारासह सेकंदाला ८० किलोबिट लागतात. वरची वेष्टने धरून १०० किलोबिटांची बेगमी करावी. सहा बोलण्यांना जाताना ६०० व येताना ६०० किलोबिट पुरतात. फायबरच्या जोडणीपुढे ही मागणी अगदीच क्षुल्लक आहे. मग आवाज तुटतो का? याचे कारण रुंदीत नसून गर्दीत असते. बोलणाऱ्याच्या मुखातून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शाच्या, आत पोहोचला तर संभाषण सहज वाटते, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. विलंब याहून वाढत गेला की, दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. दुकानातील कॅमेऱ्यांची चित्रे, हिशेबाच्या प्रती आणि कोणीतरी पाहत असलेला चलच्चित्रपट हे सारे त्याच तारेतून जात असते. या मोठ्या गाठोड्यांच्या मागे आवाजाचे चिमुकले पाकीट अडकून पडते. उशिरा आलेली चिठ्ठी वाचता येते, उशिरा आलेला शब्द मात्र टाकून द्यावा लागतो. कारण त्याची वेळ निघून गेलेली असते. यावर उपाय आहे. राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम नेमून द्यावा, आणि टेबलावरचे दूरध्वनी बिनतारी लहरींवर न ठेवता तारेने जोडावेत. हे काम बसविणाऱ्या कारागिराकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावे, आणि त्याची परीक्षा सकाळी दहा ते अकराच्या गर्दीतच घ्यावी. रविवारी रिकाम्या दुकानात आवाज स्वच्छ येतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी बाब विजेची. आणि हीच सर्वांत अधिक विसरली जाते. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे जी वीज पूर्वी केंद्राकडून मिळत असे, ती आता दुकानालाच पुरवावी लागते. याचा कटू अनुभव ब्रिटनला आला. तेथे तांब्याच्या तारांवरील जुने दूरध्वनीजाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते आणि घरोघरचे दूरध्वनी इंटरनेटवर नेण्याचे काम चालू होते. एकट्या राहणाऱ्या पुष्कळ वृद्धांच्या गळ्यात किंवा मनगटावर एक कळ असते. ती दाबली की दूरध्वनीच्या तारेवरून मदतकेंद्राला सूचना जाते. स्थलांतरानंतर अशी काही यंत्रे गरजेच्या वेळी चालली नाहीत, असे गंभीर प्रसंग उघडकीस आले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दूरध्वनी कंपन्यांकडून अशा ग्राहकांच्या रक्षणाची लेखी हमी घेतली, आणि २०२४ मध्ये जुने जाळे बंद करण्याची मुदत जानेवारी २०२७ अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. यातील बोध लहान पेढीसाठीही आहे. तार काढण्यापूर्वी तिच्यावर काय काय लोंबत आहे ते पाहावे. चोरीची घंटा, लिफ्टमधील दूरध्वनी, एखाद्या रुग्णालयासाठी अद्याप जपून ठेवलेला फॅक्स, अशा वस्तू टेबलावर दिसत नाहीत, आणि त्यांची आठवण त्या बंद पडल्यावरच होते.

विजेची तजवीज मोठ्या खर्चाची नाही. फायबरची पेटी, राउटर, स्विच आणि चार दूरध्वनी यांना मिळून अदमासे ५० वॅट पुरतात. चार तास वीज गेली तर २०० वॅट-तासांची गरज झाली. दुकानातून सर्रास आढळणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी कागदोपत्री १,८०० वॅट-तास साठविते. ती जुनी होऊन निम्म्यावर आली असली तरी हे काम सहज निभावते. अडचण बॅटरीची नसून जोडणीची असते. पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात. राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये राहून गेलेला असतो. तो इन्व्हर्टरवर घेतला, तरी वीज जाताच मधला क्षणभर तो विझून पुन्हा चालू होण्यास मिनिट-दोन मिनिटे घेतो आणि चालू असलेली बोलणी तुटतात. म्हणून राउटर, स्विच व फायबरची पेटी यांना एक लहानसा यूपीएस स्वतंत्र द्यावा. रात्री वीज गेलेली असताना रुग्णालयातून तातडीच्या औषधाची मागणी आली आणि पेढीचा दूरध्वनी मुका राहिला, तर ती केवळ व्यापाराची हानी नव्हे.

याच संदर्भात आणीबाणीच्या दूरध्वनीचा विचार करावा लागतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एका हॉटेलच्या खोलीत एका स्त्रीवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतील दूरध्वनीवरून ९११ हा आणीबाणीचा क्रमांक पुनःपुन्हा फिरविला. शाळेत शिकविल्याप्रमाणे मुलगी अचूक वागली. परंतु हॉटेलच्या यंत्राला बाहेरच्या जोडणीसाठी आधी ९ चा आकडा लागत असे, हे तिला ठाऊक नव्हते. मदत आली नाही आणि ती स्त्री मरण पावली. त्यानंतर अमेरिकेत २०१८ मध्ये कायदा झाला आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून नव्याने बसविल्या जाणाऱ्या यंत्रांवर असा आधीचा आकडा न लावता ९११ लागलेच पाहिजे, असे बंधन आले. भारतात ११२ हा क्रमांक त्या कामासाठी आहे. नवी व्यवस्था बसविताना बाहेरच्या जोडणीसाठी कोणताही आकडा ठरविला असो, ११२ मात्र प्रत्येक यंत्रावरून सरळ लागेल अशी योजना मुद्दाम सांगून करून घ्यावी. शिवाय हेही ध्यानात ठेवावे की, तांब्याची तार विशिष्ट घरालाच गेलेली असे, परंतु इंटरनेटचा दूरध्वनी उचलून कोठेही नेता येतो. त्यामुळे बोलणारा कोठे आहे हे त्या क्रमांकावरून कळेलच असा भरवसा धरता येत नाही. पेढीचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण प्रत्येक यंत्राशेजारी लिहून ठेवणे, हा साधा उपाय येथे उपयोगी पडतो. संकटात मालकालाही आपला पत्ता आठवत नाही, मग नव्या नोकराची गोष्ट काय सांगावी!

चौथी बाब कुलपाची. फिरत्या चकतीच्या दूरध्वनीला एक लहानसे कुलूप लावण्याची चाल पुष्कळ घरांत व दुकानांत होती. चकतीच्या भोकात ते बसविले की, आलेला दूरध्वनी घेता येई, परंतु कोणाला परगावी फुकट बोलता येत नसे. नव्या व्यवस्थेत चोर दुकानात शिरत नाही. तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पेढीच्या केंद्राचे दार ठोठावतो. यंत्राचा क्रमांक २०१ आणि त्याचा संकेतशब्दही २०१, अशी सोपी व्यवस्था ठेवली असेल तर त्याला फार श्रम पडत नाहीत. मग सुटीच्या दिवशी किंवा मध्यरात्री पेढीच्या खात्यावरून परदेशातील महागड्या क्रमांकांना बोलणी सुरू होतात आणि मालकाला ते बिल आल्यावर समजते. यास्तव प्रत्येक यंत्राला लांब व वेगळा संकेतशब्द द्यावा. परदेशी बोलण्याची गरज नसेल तर ती सोय मुळातच बंद करून घ्यावी. गरज असेल तर तिला पैशाची मर्यादा घालावी. केंद्र बसवून देणारा कारागीर आपल्या सोयीसाठी बाहेरून आत येण्याचे एक दार उघडे ठेवून जातो. काम संपताच ते बंद झाले की नाही, हे विचारण्यात संकोच मानू नये.

आता प्रत्यक्ष स्थलांतराचा क्रम. येथे घाई केल्याने सर्वांत मोठे नुकसान होते, आणि ते क्रमांकाचे. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मोकळीक जानेवारी २०११ मध्ये देशभर मिळाली. तारेच्या दूरध्वनीला ती त्या योजनेत मिळाली नाही. त्यामुळे कंपनी बदलली की, पाटीवरचा जुना क्रमांक हातचा जाण्याचा संभव असतो. त्याच कंपनीकडे राहून तांब्यावरून फायबरवर जाताना क्रमांक टिकू शकतो. म्हणून जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी, क्रमांक टिकेल की नाही याचे उत्तर लेखी मिळवावे. टिकणार नसेल तर जुनी जोडणी काही महिने चालू ठेवावी, तिच्यावर येणारे दूरध्वनी नव्या क्रमांकाकडे वळवावेत, आणि पावत्यांवर दोन्ही क्रमांक छापावेत. प्रथम दोनच यंत्रे नव्या व्यवस्थेवर घ्यावीत, त्यांवर पंधरा दिवस काम करावे, एकदा मुद्दाम मुख्य बटण बंद करून वीज गेल्याचा प्रयोग करावा, आणि मग उरलेली यंत्रे हलवावीत. जुने व नवे काही काळ शेजारी शेजारी चालविण्याचा खर्च हा वाया गेलेला खर्च मानू नये. घर बांधताना नव्या भिंती उभ्या राहीपर्यंत जुन्या छपराचा आसरा कोणी मोडीत नाही.

शेवटची बाब यंत्राची नाही, माणसाची आहे. नव्या केंद्रात गिऱ्हाइकाचे स्वागत ध्वनिमुद्रित आवाजाने करण्याची सोय असते: मागणीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. मोठ्या कचेऱ्यांना ही पद्धत उपयोगी पडते. लहान पेढीचे बळ मात्र निराळे असते. तालुक्याच्या गावाहून बोलणारा औषधविक्रेता नुसते नाव सांगतो आणि पलीकडून त्याच्या मागणीची अर्धी यादी बोलणाऱ्याआधीच तयार होते, ही ओळख त्या पेढीने वर्षानुवर्षांच्या सचोटीने मिळविलेली असते. ती ओळख बटणांच्या मागे लपविली, तर गिऱ्हाइकाला ही पेढी आणि दुसरी कोणतीही पेढी सारखीच वाटू लागेल. म्हणून पहिल्या दोन-तीन घंटांत माणसाने उत्तर द्यावे, सारे जण गुंतलेले असतील तेव्हाच यंत्राने बोलावे, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर. वर्षानुवर्षे दूरध्वनीशेजारी बसलेल्या जुन्या कारकुनाला या बदलात अगोदर विश्वासात घ्यावे. सकाळी कोण केव्हा बोलतो, कोणाला थांबविलेले खपत नाही, कोणाची मागणी ऐकून पुन्हा वाचून दाखवावी लागते, हे कोणत्याही कारागिराला ठाऊक नसते. ते त्या कारकुनाला ठाऊक असते. नवे केंद्र कसे मांडावे, याची सर्वांत चांगली सल्लामसलत त्याच्याशीच होऊ शकते.

या सर्व बाबी एकत्र पाहिल्या म्हणजे, यंत्राबरोबर जागा सोडणारी ती दुसरी गोष्ट कोणती, हे स्पष्ट होते. ती गोष्ट म्हणजे जबाबदारी. पूर्वी गावच्या एका भक्कम इमारतीत बॅटऱ्या होत्या, जनित्र होते, दप्तर होते, पहारा होता आणि रात्रपाळीचा मनुष्य होता. ती सारी इमारत आता आकुंचन पावून दुकानाच्या माळ्यावरील एका लहान पेटीत येऊन बसली आहे. तिच्याबरोबर स्वस्ताई आली, सोय आली, दूरच्या शाखेशी जवळीक आली. परंतु रात्रपाळीचा मनुष्य आला नाही. त्याचे काम आता मालकाकडे आले आहे. हे काम अवघड नाही. किती मार्ग हवेत याचा हिशेब, आवाजाला वाट, विजेची बेगमी, आणीबाणीच्या क्रमांकाची परीक्षा, संकेतशब्दाचे कुलूप आणि जुन्या क्रमांकाची जपणूक, एवढीच त्याची यादी आहे, आणि ती पुरी करण्यास एका लहान पेढीला फार पैसा लागत नाही. लागते ते लक्ष. जो व्यावसायिक हे जाणून बदल करील, त्याच्या गिऱ्हाइकाला बदल झाल्याचे कळणारही नाही. रात्री अकराला, काळोखात, तो जुनाच क्रमांक फिरवील, पलीकडे घंटा वाजेल आणि ओळखीचा आवाज उत्तर देईल.